दीड वाजता चावी कोणाच्या हातात? कल्याणीनगरच्या पबपट्ट्यातून घरी जाण्याचं प्रकरण

पुण्यात कल्याणीनगरचं मेट्रो स्थानक ६ मार्च २०२४ ला सुरू झालं. रुबी हॉल ते रामवाडी हा टप्पा त्या दिवशी उघडला आणि शहराचा पबपट्टा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागाच्या दारात मेट्रो आली. शेवटची गाडी तेव्हा रात्री दहाच्या सुमारास असायची आणि पब दीडपर्यंत चालायचे. यानंतर अकरा आठवडेही उलटले नव्हते, तेवढ्यात १९ मेच्या पहाटे अडीचच्या आसपास याच कल्याणीनगरात एका भरधाव पोर्शेने दुचाकीला उडवलं. दुचाकीवरचे दोघेही जागच्या जागी गेले. मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीला आलेले, चोवीस वर्षांचे दोन इंजिनीअर. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता.

पुढचं सगळं महाराष्ट्राला पाठ आहे. तीनशे शब्दांचा निबंध, ससूनमधले रक्ताचे नमुने, एकामागून एक अटका. खटला न्यायालयात आहे आणि त्याचा निकाल लावणं माझं काम नाही. मला त्या रात्रीचा एकच तुकडा समोर घ्यायचा आहे, तो म्हणजे पबच्या दारापासून घराच्या दारापर्यंतचा. सगळी चर्चा मुलावर, बापावर, डॉक्टरांवर आणि पबच्या वेळांवर झाली. हा तुकडा मात्र मधल्या मधे राहून गेला.

त्या तुकड्यात तीन गोष्टी आहेत. पोलीस आयुक्तांनी सांगितलं की त्या मुलांच्या टोळक्याने एका पबमध्ये ४८,००० रुपयांचं बिल केलं होतं. म्हणजे बिलाचा शंभरावा हिस्सा ४८० रुपये होतो आणि कल्याणीनगरातून शहरात बऱ्याच ठिकाणी जायला तेवढं कॅबभाडं पुरतं. पोलिसांच्याच सांगण्याप्रमाणे घरचा पगारी ड्रायव्हर त्या गाडीत होता. शुद्धीत असलेला, गाडी चालवणं हेच ज्याचं काम आहे असा माणूस शेजारी बसलेला आणि स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात. आणि ज्यांचा जीव गेला ते दोघेही मित्रमंडळींबरोबर कल्याणीनगरातच पार्टी आटोपून निघाले होते. म्हणजे त्या रस्त्यावर त्या घटकेला दोन्ही बाजूंना रात्रीची माणसंच होती. एका बाजूला पैसा आणि गाडी. दुसऱ्या बाजूला मोटारसायकल, कारण त्या वेळी त्या भागातून घरी जायचं दुसरं साधन सहज मिळत नाही.

सतरा वर्षांच्या मुलाला दारू दिलीच कशी, हा प्रश्न अर्थात सगळ्यात आधी येतो. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे. तो गुन्हा वेगळा आहे आणि सरळ आहे. पण समजा तो मुलगा २६ वर्षांचा असता, परमिट खिशात असतं आणि बिलही रीतसर असतं, तरी दीड वाजता त्याची चावी त्याच्या हातात तशीच पडली असती. माझं म्हणणं या चावीबद्दल आहे.

ट्रान्सपोर्ट डेस्कवरून दिसणारी रात्र

मी हिंजवडीतल्या एका बीपीओच्या ट्रान्सपोर्ट डेस्कवर बारा वर्षं काम केलं. अमेरिकन शिफ्टचं लॉगआउट रात्री अडीचला, मग साडेतीनला, मग पाचला. प्रत्येक लॉगआउटला तीस-चाळीस गाड्या सुटायच्या. रोस्टर आदल्या संध्याकाळी लागायचा, प्रत्येक गाडीची ट्रिपशीट निघायची, कोण कुठे उतरणार याचा क्रम त्यावर ठरलेला. शेवटचा ड्रॉप बाईचा येत असेल तर गाडीत एस्कॉर्ट गार्ड बसलाच पाहिजे. गार्ड नाही तर गाडी हलणार नाही. घरासमोर गाडी थांबली की ती कुलूप उघडून आत जाईपर्यंत ड्रायव्हरने निघायचं नाही. मग डेस्कला फोन, आणि शीटवर त्या नावापुढे 'सेफ ड्रॉप' आणि वेळ. ती नोंद आली नाही तर आम्ही तिला फोन करायचो, ती उचलत नसेल तर घरी करायचो. रात्री साडेतीनला तिच्या आईला झोपेतून उठवल्याबद्दल मी कितीतरी वेळा माफी मागितली आहे. एकाही आईने राग धरला नाही.

हे नियम कोणी सद्भावनेने केलेले नाहीत. १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री पुण्यात बीपीओत काम करणारी एक बावीस वर्षांची मुलगी नाइट शिफ्टला निघाली. कंपनीने ठरवलेल्या कॅबमध्ये ती बसली. ड्रायव्हर आणि त्याच्या साथीदाराने तिला गहुंजेकडे नेलं, अत्याचार केले आणि मारून टाकलं. म्हणजे सोय होती, गाडी होती, ड्रायव्हर ठरलेला होता, आणि त्याच सोयीने तिचा घात केला. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २००९ मध्ये, खराडीत कामावरून घरी निघालेल्या दुसऱ्या एका आयटीतल्या मुलीचं अपहरण झालं. तिला एका कॅबचालकाने लिफ्ट देऊ केली होती. तिचाही जीव गेला. पहिली सोयीत गेली, दुसरी सोय नसताना गेली. आमच्या डेस्कवरचा गार्ड, ट्रिपशीट, शेवटच्या ड्रॉपचा नियम, सगळं या दोघींच्या मरणातून आलेलं आहे. नवीन मुलं डेस्कवर आली आणि गार्डसाठी दहा मिनिटं थांबायला कुरकुरली की मी त्यांना एवढंच सांगायची.

पुढे कायदाही झाला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, सुरक्षिततेची व्यवस्था लागते आणि आस्थापनेपासून तिच्या घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय लागते. 'घराच्या दारापर्यंत' हे शब्द माझ्या दृष्टीने त्या कायद्याचा प्राण आहेत. जवळच्या चौकापर्यंत सोडलं, सोसायटीच्या गेटपर्यंत सोडलं, हे चालत नाही.

आणि या कायद्यातली आस्थापना म्हणजे फक्त आयटी कंपनी नव्हे. वीस किंवा त्याहून जास्त (२०२५ च्या दुरुस्तीआधी दहा) माणसं कामाला असलेलं हॉटेल, रेस्टॉरंट, करमणुकीची जागा, सगळं त्यात येतं. पब आलाच. टेबलावर ऑर्डर घेणाऱ्या मुलीला रात्री दोन वाजता तिच्या दारापर्यंत सोडणं ही पबमालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. ज्या मुलीला त्याने चार पेग विकले तिच्याबद्दल मात्र एक ओळही कुठे नाही.

दीड वाजता दारात काय होतं

कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, मुंढवा, घोरपडी हा पट्टा शनिवारी रात्री सव्वा ते अडीच या वेळात जाऊन बघावा. मी अनेक शनिवार बघितला आहे, कारण नोकरी सोडल्यावरही डोळा तोच राहिला.

दिवे लागतात, गाणं बंद होतं आणि शेकडो माणसं अर्ध्या तासाच्या आत रस्त्यावर येतात. आम्ही ज्याला लॉगआउट म्हणायचो तेच हे, फक्त रोस्टर नसलेलं. ॲपवर कॅबचे दर चढलेले असतात. कॅब मिळाली तर ड्रायव्हरचा फोन येतो, "कुठे जायचंय? कॅश की ऑनलाइन?" वाकड म्हटलं तर कदाचित येतो, खराडी म्हटलं तर रद्द करतो, कारण जवळच्या भाड्यात त्याचा महत्त्वाचा अर्धा तास जातो. रिक्षावाले मीटर टाकत नाहीत, आकडा सांगतात. त्यांच्यावर मी नुसती रागावणार नाही. दारू प्यायलेल्या गिऱ्हाइकाने मागच्या सीटवर उलटी केली की त्या रात्रीचा धंदा संपला, पहाटे गाडी धुवायची आणि पैसे कोणी द्यायचे नाहीत. ओरडाआरडी, भाड्यावरून वाद, प्रसंगी मारामारी. नाकारणं हा त्यांचा स्वतःपुरता विमा आहे.

मग राहते स्वतःची गाडी. पुणं दुचाकीचं शहर आहे आणि पबला येणारेही बरेचसे दुचाकीवरच येतात. लोक पिऊन गाडी का चालवतात याचं उत्तर आपण बेफिकिरीत शोधतो. बेफिकिरी आहेच. पण दारात उभ्या असलेल्या मुलांचं बोलणं कान देऊन ऐकलं तर त्यातलं निम्मं गाडीबद्दलच असतं. "गाडी इथेच ठेवली आणि सकाळी टोइंगवाल्यांनी उचलली तर?" "उद्या ती आणायला परत कोण येणार?" "हेल्मेट चोरीला जाईल." माणसाला घरी पोचवायची सोय करून भागत नाही, त्याच्या गाडीचं काय हा प्रश्न सुटल्याशिवाय तो कॅबमध्ये बसत नाही. चारचाकीवाल्यांसाठी तासावर ड्रायव्हर मिळतात, ॲपवरही मिळतात. दुचाकीवाल्यासाठी असं काही नाही, आणि रस्त्यावर सगळ्यात उघडा तोच असतो.

चारचाकीवाल्यांचं दार वेगळं, तिथे व्हॅले असतो. संध्याकाळी नऊला तो चावी घेतो, टोकन देतो आणि चावी खिळ्याला लटकवतो. पुढचे चार तास ती चावी पबच्या ताब्यात असते. दीड वाजता गिऱ्हाईक टोकन पुढे करतं, त्याचा तोल जात असतो, जीभ जड झालेली असते, आणि वीस-बावीस वर्षांचा तो व्हॅलेचा पोरगा गाडी आणून, दार उघडून, चावी त्याच्या हातात ठेवतो. टिप घेतो. सगळ्या साखळीत हा एकच क्षण असा आहे की जिथे शुद्धीतला माणूस चावी हातात धरून उभा असतो आणि ती न देणं शक्य असतं. पण त्या पोराला तसं सांगितलेलं नसतं. त्याने चावी नाकारली तर गिऱ्हाईक त्याच्या कानाखाली मारेल आणि मॅनेजर त्यालाच कामावरून काढेल. १९ मेच्या रात्री कॅबने फरक पडला असता का? मला नाही वाटत. तिथे ड्रायव्हर हजर होता, पैसाही होता. चावी अडवणारा नियम असता आणि त्या नियमामागे उभा राहणारा मॅनेजर असता, तर कदाचित पडला असता.

आणखी एक गट या गर्दीत असतो, ज्याच्याकडे कोणी बघत नाही. वेटर, स्वयंपाकी, भांडी घासणारे, बाउन्सर, डीजेची वायर गुंडाळणारा मुलगा. हे अडीच-तीनला बाहेर पडतात. येरवडा, मुंढवा, वडगाव शेरी अशा ठिकाणी राहतात, काही चालत जातात, काही तिघे एका मोटारसायकलवर. सोळा तास उभं राहिलेला, न प्यायलेला माणूसही त्या वेळी गाडीवर डुलक्या घेतो. पबच्या रात्रीच्या वाहतुकीबद्दल बोललं की लोकांना वाटतं श्रीमंतांच्या पोरांचे लाड चालले आहेत. तीन वाजताची बस आली तर तिच्यात पहिल्यांदा हे चढतील.

सरकारकडे काय काय आहे

पहिलं म्हणजे नाकाबंदी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सापडलात तर १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नाकाबंदी हवीच, ती जितकी कडक आणि अनपेक्षित तितकी बरी. पण पोलिसाची फुंकणी ही पबपासून दोन किलोमीटरवर असते, म्हणजे गाडी दोन किलोमीटर चालून झालेली असते. शिवाय कुठल्या पुलाखाली पोलीस आहेत हे मोबाइलवर फिरत असतं आणि गाड्या गल्लीबोळातून वळतात, जिथे उजेड कमी आणि कुत्री, माणसं जास्त.

याच कायद्याचं कलम १८८ कोणी फारसं काढत नाही. दारू पिऊन गाडी चालवायला जो चिथावणी देतो किंवा मदत करतो त्यालाही तीच शिक्षा, असं ते सांगतं. गिऱ्हाइकाची अवस्था बघूनही चावी देणारा पब त्यात बसतो की नाही, हे एकदा न्यायालयात ठरून जायला हवं. माझ्या मते बसतो.

दुसरं, परवाना. महाराष्ट्रात दारू पिणाऱ्याने स्वतःचं परमिट बाळगायचं असतं. एक दिवसाचं विदेशी मद्याचं परमिट पाच रुपयांना मिळतं, आणि म्हणून तर आपण बारला परमिट रूम म्हणतो. दारूच्या प्रत्येक पेगवर राज्य शुल्क घेतं. परमिट रूमचा एफएल-३ परवाना दरवर्षी नूतनीकरणाला जातो. म्हणजे विकणारा कोण, पिणारा कोण, किती वाजेपर्यंत, कुठल्या छताखाली, या सगळ्याची सरकारी कागदावर नोंद आहे. पिऊन झाल्यावर तो माणूस घरी कसा जाणार एवढाच एक रकाना त्या कागदात नाही. मे २०२४ नंतर पबना सील लागली, वाढीव बांधकामं पाडली गेली, वेळा पुन्हा बजावल्या गेल्या. वेळ दीडची साडेबारा केली तरी साडेबाराला तीच गर्दी, तीच चावी आणि तोच रस्ता असतो.

तिसरं, बस आणि मेट्रो. पीएमपीच्या रातराणी गाड्या आहेत, पण त्यांचा जीव स्वारगेट, पुणे स्टेशन, कात्रज, हडपसर अशा ठिकाणांत अडकलेला आहे, कारण त्या रेल्वे आणि एसटीच्या प्रवाशांसाठी आखलेल्या आहेत. ते योग्यच आहे. मेट्रोची वेळ २०२५ मध्ये रात्री अकरापर्यंत वाढवली, तेही चांगलं झालं, जेवून परतणाऱ्यांना उपयोग होतो. पण मेट्रोने रात्रभर धावणं अशक्य आहे, देखभालीला वेळ लागतो, असं जेव्हा सांगतात तेव्हा मला विसर्जनाची रात्र आठवते. २०२५ च्या अनंत चतुर्दशीला पुणे मेट्रो सलग ४१ तास धावली. पहाटे तीन वाजता मंडईत उतरणाऱ्या बायका, खांद्यावर झोपलेली पोरं, आणि कुणाच्या चेहऱ्यावर घरी कसं जायचं ही काळजी नाही. रोज नको. वर्षभरातल्या शुक्रवार-शनिवारी वनाज-रामवाडी ही एकच मार्गिका दोनपर्यंत चालली तरी बंडगार्डन, येरवडा, कल्याणीनगर, रामवाडी ही स्थानकं पबपट्ट्याला लागून आहेत आणि दुसऱ्या टोकाला अख्खं कोथरूड आहे.

लंडनने नेमकं हेच केलं. १९ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीपासून सेंट्रल आणि व्हिक्टोरिया या दोन मार्गिका शुक्रवार-शनिवारी रात्रभर सुरू झाल्या आणि त्या वर्षअखेरीपर्यंत आणखी तीन जोडल्या गेल्या. देखभालीला आठवड्यातल्या बाकीच्या पाच रात्री राहिल्या. हे मुळात २०१५ मध्ये व्हायचं होतं, पण रात्रपाळी कोण करणार यावरून कामगार संघटनांशी वाद झाला आणि वर्षभर अडलं. शेवटी फक्त या रात्रींसाठी अर्धवेळ चालक भरले. डेस्कवर काम केलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. गाड्या मिळतात, रुळ असतात, अडतं ते नेहमी माणसांच्या पाळीवर.

पण मला लंडनपेक्षा जपान जास्त शिकण्यासारखा वाटतो, कारण त्यांनी प्रश्न गाडीपासून सोडवला. तिथे 'उन्तेन दाइको' नावाचा धंदा आहे. फोन केला की दोन माणसं एका गाडीतून येतात. एक तुमची गाडी चालवत तुम्हाला घरी नेतो, दुसरा मागून आपली गाडी आणतो, आणि तुम्हाला सोडून दोघे परत जातात. सकाळी तुमची गाडी तुमच्या दारात असते. या धंद्यासाठी २००२ पासून स्वतंत्र कायदा लागू आहे. पुढे ऑगस्ट २००६ मध्ये फुकुओकात एका प्यायलेल्या माणसाने एका कुटुंबाच्या गाडीला मागून धडक दिली, ती पुलावरून समुद्रात पडली आणि तीन लहान मुलं बुडाली. देश हादरला. २००७ मध्ये कायदा बदलला आणि चालकाबरोबर त्याला दारू देणारा, गाडी देणारा आणि शेजारी बसून जाणारा, या सगळ्यांना शिक्षा आली. दोन्ही गोष्टी हातात हात घालून आल्या, म्हणून चालल्या. नुसती शिक्षा असती तर बारवाल्याने गिऱ्हाइकाला हाकलून मोकळं व्हायचं ठरवलं असतं.

आपल्या शेजारी गोव्यात ही गोष्ट बोलली गेली आहे. जानेवारी २०२३ मध्ये तिथले वाहतूकमंत्री मॉविन गुदिन्हो म्हणाले होते की जास्त प्यायलेल्या गिऱ्हाइकाला टॅक्सीने घरी पाठवण्याची जबाबदारी बारमालकांवर टाकली पाहिजे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाणस्तारी पुलावर मर्सिडीजने तिघांचा जीव घेतला. तेव्हा मध्यरात्र नव्हती, रविवारची संध्याकाळ होती. हे मुद्दाम लिहिते, कारण रात्रीच्या बसने सगळं सुटेल असं मला म्हणायचं नाही. दुपारी पिऊन गाडीत बसणाऱ्यालाही चावी कोणीतरी दिलेलीच असते.

माझ्या हातात रोस्टर दिला तर

चार दिशा काढेन. विमाननगर-खराडी, मगरपट्टा-हडपसर, स्टेशन-शिवाजीनगर-कोथरूड, आणि औंध-बाणेर-वाकड-हिंजवडी. शुक्रवार आणि शनिवार, साडेबारा, दीड आणि तीन, अशा तीन फेऱ्या. सतरा सीटर गाड्या पुरतील, मोठी बस त्या गल्ल्यांत वळत नाही. सुटण्याची जागा एकच, भरपूर उजेडाची, आणि तिथे ट्रिपशीट घेऊन बसलेला एक माणूस. प्रत्येक गाडीत गार्ड. गार्डचं काम फक्त बायकांसाठी नाही. प्यायलेला माणूस गाडीत झोपतो, त्याला त्याच्या थांब्यावर उठवून उतरवावं लागतं, नाहीतर तो शेवटच्या थांब्यावर पाकिटाशिवाय सापडतो.

कोणी एकटी मुलगी भानावर नसेल तर तिला अनोळखी माणसाच्या "मी सोडतो" वर सोपवायचं नाही, हा नियम पबच्या दारावर हवा. फेब्रुवारी २०१२ मध्ये कोलकात्यात पार्क स्ट्रीटच्या नाइट क्लबमधून निघालेल्या बाईला घरी सोडतो म्हणूनच गाडीत घेतलं होतं आणि धावत्या गाडीत तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 'सोडतो' हा शब्द रात्री दोन वाजता कोण उच्चारतो, त्याचं नाव आणि गाडीचा नंबर कुठेतरी लिहिलेला आहे का, यावर सगळं अवलंबून असतं.

पार्किंग दुसऱ्या दिवशी बारापर्यंत फुकट आणि टोइंगबंद. मला खात्री आहे की एवढ्या एका गोष्टीने, एक रुपयाही खर्च न करता, कितीतरी दुचाक्या रात्री तिथेच राहतील. पबने आपल्या आवारात हेल्मेट ठेवायला एक कपाट दिलं तर आणखी.

व्हॅलेच्या पोराला लेखी अधिकार हवा, मॅनेजरच्या सहीचा, की शंका आली तर चावी द्यायची नाही, मॅनेजरला बोलवायचं. मॅनेजरकडे दोन ठरलेले ड्रायव्हर हवेत आणि एक रिक्षाचालकांचा गट, ज्यांना सीट खराब झाल्यास धुण्याचे पैसे पब देईल. हे शेवटचं फार बारीक वाटेल, पण रिक्षावाल्याने हो म्हणणं त्यावरच ठरतं.

पैसे कुठून? पट्ट्यातल्या सगळ्या परमिट रूमनी मिळून, विक्रीच्या प्रमाणात. एकेकट्या पबवर टाकलं तर प्रामाणिक असेल तो खर्च करील आणि शेजारचा त्याच्यापेक्षा स्वस्त विकील. म्हणून ही अट परवान्याच्या नूतनीकरणात हवी. राज्य उत्पादन शुल्क खात्याने नूतनीकरणाच्या अर्जाला एक पान जोडावं, गिऱ्हाइकांच्या परतीची व्यवस्था काय, आणि वर्षभराच्या ट्रिपशीट बघितल्याशिवाय शिक्का मारू नये. आमच्या कंपनीत ऑडिटर यायचे आणि कुठलीही एक तारीख काढून त्या रात्रीची शीट मागायचे. ती मिळाली नाही तर व्हेंडरचं बिल थांबायचं. त्या धाकाने शीट रोज भरली जायची.

हे सगळं मांडलं की एक उत्तर हमखास येतं, पिणाऱ्यांची एवढी काळजी कशाला, प्यायलाच जाऊ नये. माझ्या सासूबाईंचंही हेच मत आहे आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण त्या पहाटे दुचाकीवर बसलेल्या दोघांना कोणी विचारलं नव्हतं की मागून येणारा प्यायलेला चालेल का. प्यायलेला माणूस बसमध्ये असेल तर रस्ता बाकीच्यांसाठी मोकळा राहतो.

गेल्या पावसाळ्यात मी या पट्ट्यातल्या एका पबच्या मॅनेजरशी बोलायला दुपारी गेले होते. भला माणूस होता, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. मी विचारलं, तुमच्याकडे काम करणाऱ्या मुली रात्री घरी कशा जातात?

"गाडी आहे ना मॅडम. कंपल्सरीच आहे. दोनला निघते, दारात सोडते एकेकीला."

"किती मुली?"

"पाच. कधी सहा."

"आणि गाडी?"

"सतरा सीटर. तीच मिळाली."

"मग उरलेल्या अकरा जागा?"

त्याने कप खाली ठेवला. "कस्टमरला म्हणताय?" जरा वेळ गेला. "असं आजवर कोणी विचारलं नाही."